मैत्रीला कलम नाही

(वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या लेखिकेने ३१ वर्षं सरकारी वकील म्हणून फौजदारी खटले चालवले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रश्न : मॅडम, हे सदर मी सुरुवातीपासून वाचतो. आपल्यालाही कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

माझा एक मित्र आहे. त्याला सुहास म्हणू. सहावीत आम्ही एका बाकावर बसायला लागलो, आज आमच्या मुली एका वर्गात आहेत. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने न मागता पैसे आणून दिले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

साडेतीन महिन्यांपूर्वी रात्री पावणेदोनला त्याचा फोन आला, ‘खाली ये.’ खाली गेलो तर गाडीचा डावा हेडलाइट फुटलेला, बॉनेट चेपलेलं, समोरच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा. बायपासवर कुत्रं आडवं आलं म्हणाला. ही गाडी अशी घरी नेली तर बायको हाय खाईल, चार दिवस तुझ्या गोदामामागच्या शेडमध्ये राहू दे. मी कुलूप काढलं. ताडपत्रीही मीच टाकली. पाचव्या दिवशी तो गाडी दुसऱ्या शहरात घेऊन गेला आणि दुरुस्त करून आला. पैसे कमी पडले म्हणून अर्धं बिल मी मोबाइलवरून भरलं.

त्याच आठवड्यात, तिसऱ्या दिवशी बहुतेक, पेपरात चार ओळी होत्या. बायपासवर अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार, वय ४२, रखवालदार, रात्रपाळीला निघाला होता. मी वाचलं आणि पान उलटलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे मी कात्री आणून ती बातमी कापून ठेवली. का, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात सुहास माझ्यासमोर बसून रडला. ते कुत्रं नव्हतं. तो उतरला होता. माणूस हलत होता. मग हा गाडीत बसला आणि निघाला. प्यायलो नव्हतो म्हणतो. मी विश्वास ठेवतो, दुसरं काय करणार?

मी पोलिसांना सांगावं का? नाही सांगितलं तर मी अडकेन का? गेलेला माणूस काही परत येणार नाही. आणखी एक घर उद्ध्वस्त करून कुणाला काय मिळणार? कर्णाने सगळं कळत असून दुर्योधनाला सोडलं नाही. मी सोडलं तर मित्रद्रोही ठरेन का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते. ‘गेलेला माणूस काही परत येणार नाही.’ हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात शेकडो वेळा ऐकलंय. आरोपीच्या भावाकडून, मेव्हण्याकडून, वकिलाकडून, एकदा तर चक्क आरोपीच्या कुत्र्याला सांभाळणाऱ्या शेजाऱ्याकडून. मेलेल्या माणसाच्या बायकोकडून एकदाही ऐकलं नाही. तिला ते सांगावं लागत नाही.

आणि ‘कुणाला काय मिळणार’ याचं उत्तर रुपयांत देता येतं, म्हणून तिथूनच सुरू करू.

गाडी सापडली नाही, तर अपघातात मेलेल्याच्या कुटुंबाला ‘हिट अँड रन’ पीडितांसाठीच्या २०२२ च्या सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात. तेही अर्ज केला तर. गाडी सापडली, तर तेच कुटुंब मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं आणि हिशेब वेगळ्या रीतीने होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांत त्याची पद्धत घालून दिली आहे. तुमच्या कात्रणातल्या माणसाचा करून बघू. पगार बातमीत नाही, महिना १२,००० धरू. घरी बायको आणि दोन मुलं धरू. वर्षाचे १,४४,०००. वय चाळीस ते पन्नासमध्ये आणि ठरावीक पगार, म्हणून पुढे वाढलं असतं त्याचे २५ टक्के मिळवायचे, १,८०,००० झाले. त्यातला एक तृतीयांश तो स्वतःवर खर्च करत होता असं मानून वजा, राहिले १,२०,०००. बेचाळीस वर्षांच्या माणसाला गुणक १४, म्हणजे वर्षाच्या त्या रकमेला १४ ने गुणायचं. सोळा लाख ऐंशी हजार. अंत्यविधी वगैरेचे थोडे वर.

२ लाख आणि १६ लाख ८० हजार. मधली रक्कम तुमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती.

ही रक्कम सुहासच्या खिशातून जायची नाही, हे नीट वाचा. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. विमा कंपनी भरते. परवान्यात किंवा पॉलिसीत काही गडबड असेल तर कंपनी आधी भरते आणि मग मालकाकडून वसूल करते, असेही निकाल आहेत, पण सरळ प्रकरणात भरणारी कंपनीच. म्हणजे ज्या माणसाने घडवलं त्याच्यावर भार न येता त्या बाईच्या पोरांची शाळा चालू शकली असती, आणि अडलंय कशावर, तर गाडीचा नंबर कुणाला माहीत नाही यावर. तो दोघांना माहीत आहे.

दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. त्या मुदतीवरून न्यायालयांत वाद चालू आहे, पण त्या भरवशावर त्या बाईने का राहावं? साडेतीन महिने गेले आहेत.

आता तुमचं स्वतःचं. तुम्ही दुसऱ्या नंबरला विचारलंत, बहुतेक लोक पहिल्या नंबरला विचारतात, तेवढं तुमच्या बाजूने.

नुसतं गप्प बसणं हा प्रत्येक वेळी गुन्हा नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कारवाई कशी चालवायची ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम ३३ मध्ये गुन्ह्यांची एक यादी आहे. त्यातला गुन्हा घडल्याचं कळलं तर कुणाही माणसाने पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. खून त्यात आहे, सदोष मनुष्यवध (खुनाइतका नाही, पण जीव जाऊ शकतो हे माहीत असून केलेलं कृत्य) आहे, दरोडा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, त्या यादीत नाही. इथे तुम्हाला हायसं वाटलं असेल. थांबा. ‘प्यायलो नव्हतो म्हणतो’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. दारू पिऊन किंवा बेफाम चालवून माणूस मेला, तर पोलीस १०६ वर थांबतीलच असं नाही, कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध लावू शकतात. मुंबईत २००६ साली कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सदोष मनुष्यवधाचीच शिक्षा कायम केली. तेव्हा कलम जुनं होतं, तत्त्व तेच. आणि १०५ कलम ३३ च्या यादीत आहे.

पण तुमची खरी अडचण गप्प बसण्यात नाहीच. ती त्या बिलात आहे.

गाडी शेडमध्ये घेतली त्या रात्री तुमच्या डोक्यात कुत्रं होतं. तिथवर तुम्ही एका मित्राला जागा देणारे मित्र. तिसऱ्या दिवशी कात्रण कापलंत. पाचव्या दिवसानंतर बिल भरलंत. हा क्रम मी लावलेला नाही, तुम्हीच लिहिला आहे. पुरावा नाहीसा करण्याचं न्याय संहितेतलं कलम आहे २३८, आणि त्यात शब्द आहेत ते ‘माहीत असताना’ एवढेच नाहीत, ‘तसं मानायला कारण असताना’ असेही आहेत. गुन्हेगाराला वाचवण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, तो सरकार पक्षाला सोपा नाही. पण मी आजही सरकारी वकील असते आणि ते कात्रण तुमच्या कपाटात सापडलं असतं, तर उलटतपासणीत मी दुसरं काही विचारलंच नसतं. पाच वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पुरावा दडवला तर त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे सव्वा वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही यात साक्षीदार म्हणून उभे राहणार की आरोपी म्हणून, हे पुढच्या काही दिवसांत तुम्ही काय करता यावर बरंचसं ठरेल, म्हणून लिहिते.

तेव्हा पहिलं काम पोलीस ठाणं नाही, वकील. सुहासचा वकील नको, तुमचा स्वतःचा. दोघांचं हित आता एक नाही आणि एका वकिलाने दोघांचं पाहू नये. झालेल्या गोष्टीबद्दल वकिलाला जे सांगाल ते त्याला कोर्टात सांगायला लावता येत नाही. नवरा-बायकोत झालेलं बोलणंही कायदा झाकून ठेवतो, काही अपवाद सोडून. मित्राने मित्राला रात्री बसून सांगितलेलं मात्र झाकत नाही. इतकी वर्षं साक्षीपुराव्याचा कायदा वापरला, नवा आला तोही वाचला, मैत्रीला कलम कुठेच नाही. सुहासने पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही, पण तुमच्यासमोर दिलेली होऊ शकते. एकटी ती दुबळी असते, कोर्ट जोड मागतं. जोड म्हणजे तुमच्या मोबाइलमधली ती बिलाची नोंद, गॅरेजवाल्याची वही, आणि पंचनाम्यात रस्त्यावरून उचललेले काचेचे तुकडे असतील तर ते.

आता सुहासपुढे काय आहे ते बघू, कारण तो काय कल्पना करून बसलाय ते मला माहीत आहे. दार उघडताच बेड्या आणि मग दहा वर्षं. कलम १०६ च्या पहिल्या भागात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा त्याचा हक्क. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारा दुसरा भाग संहितेत आहे, पण ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर तो बाजूला ठेवला गेला आणि १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा तो लागू झाला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. जमावाच्या भीतीने थांबता आलं नाही, अशी सवलत त्यात आहे. रात्री त्या वेळी बायपासवर जमाव नव्हता.

‘थोडे दिवस जाऊ देत, जुनं होईल’ असं तो म्हणत असेल तर हेही सांगा. जुन्या दंड संहितेत या गुन्ह्याला दोन वर्षं होती आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला तीन वर्षांची मुदत होती. आता शिक्षा पाच वर्षांपर्यंत झाली आणि तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला ती मुदत नाही. पोलीस फाइल ‘अ’ समरीत टाकतील, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. अशी फाइल बंद दिसते, संपलेली नसते. पंधरा वर्षांनी कुणी गॅरेजवाला दुसऱ्याच प्रकरणात बोलता बोलता बोलून जातो. मी असं घडलेलं पाहिलंय.

तर माझं मत. सांगायला हवं, आणि आधी त्याने सांगायला हवं. तुमचं काम त्याला तिथवर नेणं हे आहे.

त्याला फोनवर सांगू नका, लिहून तर मुळीच पाठवू नका. समोर बसा. ‘मी तुला सोडणार नाही, पण हे मी पोटात ठेवणारही नाही’ एवढं म्हणा, आणि तारीख सांगा. आठ दिवस पुरे. महिना दिलात तर तो महिनाभर तुम्हाला समजावत बसेल आणि तुम्ही समजाल, इतकी वर्षं समजत आलात तसे. त्याचा वकील शोधायला मदत करा. हजर व्हायच्या दिवशी सोबत जा. स्वतःहून गेल्याने शिक्षा अमुक इतकी कमी होते असं कुठलं कोष्टक नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण शिक्षा ठरवताना न्यायाधीश माणसाचं नंतरचं वागणं बघतो, आणि ‘पळाला होता, परत आला’ यात आणि ‘पळाला होता, पकडून आणला’ यात फरक असतो. तो फरक निकालपत्राच्या शेवटच्या दोन पानांत दिसतो.

त्या बोलण्यात तो जीव देण्याची भाषा करू लागला तर तारीख-बिरीख सगळं बाजूला ठेवा. एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे कुठल्याही वेळी फोन करता येतो. मात्र ही भाषा दर आठवड्याला तुमचं तोंड बंद करायला वापरली जाऊ लागली तर तेही ओळखा.

आठ दिवसांत तो गेला नाही तर तुम्ही जा. वकिलाला घेऊन जा. त्या अपघाताची फिर्याद अज्ञात चालकाविरुद्ध कुठल्या ठाण्यात नोंदली गेली आहे ते शोधायचं आणि तिथल्या तपास अधिकाऱ्याला भेटायचं. निनावी पत्राचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेलच. तपासाला ते कधी कधी उपयोगी पडतं, तुम्हाला नाही पडणार, कारण जगात हे दोघांनाच माहीत आहे आणि पत्र कुणाचं हे सुहासला पाकीट न बघता कळेल. तुमचा जबाब पोलीस लिहून घेतील, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कुणी पुढे सरकवला तरी करू नका. सहीनिशी जबाब द्यायचा तो दंडाधिकाऱ्यासमोर.

आता एक गोष्ट सांगते. सल्ला देणाऱ्याने स्वतःचं सांगू नये म्हणतात, पण मग तुम्ही एकट्यानेच कपडे काढून उभं राहायचं हे मला बरं वाटत नाही.

सनद मिळून मला दोन वर्षं झाली होती. माझी एक जिवलग मैत्रीण एका पतसंस्थेत हिशेबाला होती. तिने तिथले पैसे वापरले. घरची अडचण होती, परत भरणारच होती, जे सगळे म्हणतात ते सगळं होतं. तिने मला सांगितलं. मी वकील, मला कायदा पाठ, आणि मी आठ महिने गप्प बसले. मला वाटायचं, मी काहीच करत नाहीये, तर माझ्याकडून वाईट काय होणार?

त्या आठ महिन्यांत संस्थेने तिथल्या शिपायाला निलंबित केलं. रक्कम कमी पडली म्हणजे कुणीतरी घेतली, आणि चावी त्याच्याकडे असायची. ते मला कळलं तेव्हा मी मैत्रिणीला तारीख दिली. आठ दिवस हा आकडा तिथून आलाय. ती सातव्या दिवशी गेली आणि सगळं कबूल केलं. शिपाई कामावर परत आला. नंतर एकदा मी तिथे गेले होते तेव्हा पाहिलं, रोखपालाच्या खोलीतून बाहेर पडताना तो दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला तसं करायला.

तुमच्या बायपासवरही रिकामी जागा आहे, अज्ञात वाहनाची. ती कुणाच्या नावाने भरली जाईल सांगता येत नाही. त्या रस्त्याने रोज रात्री जाणाऱ्या कुणाच्याही गाडीचा हेडलाइट त्या आठवड्यात फुटलेला असू शकतो.

मैत्रीण मला समोर आली तर मान हलवते. बोलत नाही. आता दोघींचे केस पांढरे झाले.

म्हणून मित्रद्रोहाचं विचारलंत त्याला ‘छे छे, नाही’ असं गोड उत्तर माझ्याकडे नाही. सुहासच्या लेखी तुम्ही ठराल. काही वर्षं, कदाचित कायमचे. अमेरिकेतल्या डेव्हिड काझिन्स्कीचं उदाहरण अशा वेळी बरेच जण देतात. टपालाने बॉम्ब पाठवून तिघांचा जीव घेणाऱ्याचा जाहीरनामा १९९५ साली वर्तमानपत्रात छापून आला आणि ती भाषा आपल्या थोरल्या भावाची आहे असं त्याला वाटलं. त्याने तपास यंत्रणेला कळवलं. भाऊ १९९६ च्या एप्रिलमध्ये पकडला गेला. भावाला फाशी होऊ नये म्हणून डेव्हिडनेच मग धडपड केली. थोरल्याला जन्मठेप झाली. धाकटा भाऊ तुरुंगात पत्रं लिहीत राहिला आणि थोरल्याने त्याच्याशी पुन्हा संबंध ठेवला नाही. २०२३ साली तो मेला. तुमच्या प्रकरणाशी हे तंतोतंत जुळत नाही. तिथे पुढचा बॉम्ब कुणाच्या तरी हातात फुटणार होता, तुमच्याकडे जे व्हायचं ते होऊन गेलंय, आणि त्यामुळेच तुम्हाला आठ दिवस थांबायची मुभा मी देते. डेव्हिडला दिली नसती. पण सांगणाऱ्याला त्याच माणसाकडून माफी मिळेलच असं नाही, एवढं त्यातून घ्या.

आणि कर्णाला यात आणू नका. कर्णाने दुर्योधनाची बाजू घेतली ती सगळ्यांसमोर, रथात उभं राहून, आणि तिची किंमत स्वतः मोजली. त्याने कुणाचा रथ गोठ्यात नेऊन त्यावर ताडपत्री टाकली नाही. वडिलांच्या ऑपरेशनचे पैसे तुम्ही फेडायचेच असतील तर सुहासच्या वकिलाची फी भरा, त्याच्या मुलीला शाळेत सोडा, त्याच्या घरी रोज संध्याकाळी जाऊन बसा. त्या घराला पुढचं वर्ष-दोन वर्षं माणूस लागेल. ते फेडायचं काम त्या रखवालदाराच्या बायकोकडून करून घेऊ नका.

ते कात्रण फाडू नका. बिलाची नोंद मोबाइलमधून पुसू नका. दोन्ही वकिलाकडे घेऊन जा, कात्रण आहे त्याच पाकिटात.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने शपथ घालून सांगितलं की तिच्या आठ वर्षांच्या मुलीशी त्यांच्याच घरातला एक मोठा माणूस वाईट वागतो. मैत्रीण त्याला काही बोलली नाही, घर मोडेल म्हणून. मी शपथ मोडावी का? की तिला थोडा वेळ द्यावा?

उत्तर : वर मी आठ दिवस म्हटलं. इथे आठ तासही नाहीत.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं, असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या कुणीही कळवायचंच. मैत्रीण, आई, शेजारीण, डॉक्टर, शिक्षक, सगळे त्यात आले. न कळवणाऱ्याला कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच लिहिलं आहे. खरं-खोटं शोधणं तुमचं काम नाही. मुलीला प्रश्न विचारत बसू नका, त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका.

हे पत्र आलं तेव्हा मी अंकाची वाट पाहिली नाही. खाली फोन नंबर दिला होता, त्याच संध्याकाळी केला. बाई आधी म्हणाल्या, ‘पण तिने मला तिच्या मुलीच्याच गळ्याची शपथ घातलीय.’ मी म्हटलं, तिच्याच गळ्यासाठी फोन करायचाय.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नंबर सांगा. मी मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा सांगितला, १०९८, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जा म्हटलं. त्यांनी तो नंबर मला दोनदा वाचून दाखवला.